निळ्या दोऱ्याची बाटली

थोरली : चार पूर्णांक एक. आणखी दहा वेळा विचारलंस तरी चार पूर्णांक एकच. तीनदा काढलंय मी.

धाकटी : मीही तीनदाच काढलंय, ताई. तीन पूर्णांक नऊ.

थोरली : मग चौथ्यांदा काढ.

धाकटी : तू का नाही काढत चौथ्यांदा?

थोरली : कारण बावीस वर्षांत माझ्यावर चौथ्यांदा काढायची वेळ आली नाही. पहिल्यांदा कामासाठी, दुसऱ्यांदा खात्रीसाठी, तिसऱ्यांदा तुझ्या समाधानासाठी. झालं. आता पुरे.

धाकटी : नमुना एकच आहे. चार नंबरच्या टाकीतून तूच स्वतः काढून आणलास. त्यातलं दोन मिली व्हिनेगर तुझ्या चंबूत, दोन मिली माझ्या चंबूत. आम्ल दोन्हीकडे तेवढंच. मग आकडे वेगळे का?

थोरली : कारण काढणाऱ्या वेगळ्या आहेत.

धाकटी : म्हणजे मी चुकले.

थोरली : मी म्हटलं का तसं? तूच म्हणालीस.

फोरमन : ताई! ओ ताई! चार नंबर सोडू का? भरणीच्या पट्ट्यावर माणसं हाताची घडी घालून उभी आहेत. काकड्या केव्हाच्या बरण्यांत जाऊन बसल्यात, वरून व्हिनेगर कधी पडतंय म्हणून वाट बघतायत बिचाऱ्या.

थोरली : बूट.

फोरमन : बाहेरच आहेत. फक्त डोकं आत घातलंय.

थोरली : तेही बाहेर काढा. पाच मिनिटांत चिठ्ठी देते.

फोरमन : ही पाच मिनिटं तुम्ही तासाभरापूर्वी पण सांगितली होतीत. मॅडम, तुम्ही तरी सांगा. भरलाय ना माल चारच्या वर?

धाकटी : तेच ठरायचंय. चार टक्क्यांच्या वर आम्ल असेल तर टाकी सुटेल. खाली असेल तर ते व्हिनेगर काकड्या टिकवणार नाही. महिन्याभरात बरण्यांची झाकणं फुगतील, आणि ते कुणी खाल्लं तर आजारी पडेल.

फोरमन : आणि आहे किती?

थोरली : चार एक.

धाकटी : तीन नऊ.

फोरमन : बरं झालं की! एक चारच्या वर, एक चारच्या खाली. मधोमध धरलं तर बरोब्बर चार. सोडतो.

दोघी : नाही!

फोरमन : ओरडू नका, मला हृदयाचा त्रास आहे. चिठ्ठीवर आजपर्यंत ताईंची सही चालत आली, आजही चालेल. पहिल्या तारखेपासून कोणाची, ते तुमचे साहेब ठरवतील. चार वाजता येणार आहेत म्हणे, दोघींचे आकडे घ्यायला?

थोरली : तुम्हाला कोणी सांगितलं?

फोरमन : भरणी विभागात सगळ्यांना माहीत आहे. साहेबांनी याच टाकीचा नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेतही पाठवलाय. त्यांचा कागद उद्या येणार. जिचा आकडा त्या कागदाशी जुळेल ती प्रयोगशाळेची मुख्य. आमच्यात तर पैजा लागल्यात.

थोरली : कोणावर?

फोरमन : …मी पट्ट्याकडे जाऊन बघतो. पाच मिनिटं म्हणालात ना? दहा घ्या.

धाकटी : गेले.

थोरली : माझ्यावर कोणी लावली नसणार पैज.

धाकटी : काहीतरीच काय.

थोरली : तोंड बघितलंस ना त्याचं, कसं खर्रकन उतरलं? बावीस वर्षं मला ताई म्हणतोय हा माणूस. तू आलीस, तुझा पांढरा कोट अजून घडीतून नीट उलगडला नव्हता, आणि पहिल्याच दिवशी मॅडम! मी कधी कोणाची मॅडम झाले नाही. ताई, जरा हे बघा. ताई, जरा ते धुवा. ताई, गाळणी कुठे ठेवलीत?

धाकटी : ताई म्हणतात ते प्रेमाने म्हणतात.

थोरली : प्रेम तू घे मग. मॅडम मला दे. करायची अदलाबदल?

धाकटी : माझ्या हातात असतं तर आत्ता केली असती.

थोरली : आणि आई? परवा शेजारीण आली होती. आई तिला सांगत होती, धाकटी रसायनशास्त्रज्ञ आहे. मी तिथेच, चहा गाळत होते. शेजारणीने विचारलं, आणि ही हो? तर आई म्हणाली, ही कारखान्यात जाते.

धाकटी : ताई…

थोरली : एकाच कारखान्यात जातो आपण! एकाच खोलीत बसतो! एकाच नळाखाली काच धुतो. तरी तू शास्त्रज्ञ आणि मी कारखान्यात जाते. आईच्या घशात माझ्यासाठी एवढा मोठा शब्द मावत नाही बहुतेक.

धाकटी : आईला काय कळतंय त्यातलं?

थोरली : तिला कळत नाही, साहेबांना कळत नाही, त्या फोरमनला तर काहीच कळत नाही. पण कळत नसलं तरी सगळ्यांचं बोट तुझ्याकडेच कसं जातं? सांगते तुला स्पष्ट, मला नाही सहन होत. पोटात दुखतं माझ्या. म्हातारी व्हायला आले, सख्खी बहीण आहेस, लहानपणी तुला कडेवर घेऊन फिरले, पण दुखतं ते दुखतंच.

धाकटी : तू बोलतेस तरी. बरं आहे तुझं.

थोरली : म्हणजे काय?

धाकटी : काही नाही. चल, भांडण नंतर करू. आत्ता चूक शोधू. एकेक गोष्ट घेऊ. तुझी ब्युरेटची नळी धुतलेली होती?

थोरली : ब्युरेट धुतली का म्हणून मला विचारतेस? तुला ब्युरेट धरायला कोणी शिकवली?

धाकटी : तूच शिकवलीस. धुतली होती का?

थोरली : होती. आधी पाण्याने, मग कॉस्टिकनेच एकदा खंगाळून. तोटीत बुडबुडा नव्हता. डोळा रेषेच्या समोर. पुढे?

धाकटी : रंग दाखवणाऱ्या दर्शकाचे थेंब?

थोरली : दोन.

धाकटी : माझेही दोन. आम्ल मारायला कॉस्टिक किती लागलं तुला?

थोरली : तेरा पूर्णांक सात. तिन्ही वेळेला.

धाकटी : मला तेरा. तिन्ही वेळेला बरोबर तेरा. म्हणजे हात दोघींचा स्थिर आहे. हात हलत असता तर आकडे इकडेतिकडे गेले असते.

थोरली : मग तुझा रंग चुकला. तू नेहमी रंगाशी चुकतेस.

धाकटी : मी?

थोरली : दुसरं कोण? आम्ल संपेपर्यंत चंबूतलं पाणी बिनरंगी. आम्ल संपलं, की पुढचा अर्धा थेंब कॉस्टिक जास्त झाला आणि गुलाबी छटा आली. छटा! कागद मागे धरल्याशिवाय दिसू नये इतकी. तिथे थांबायचं असतं. तुझं गुलाबी म्हणजे फ्रॉकचं कापड. तू कायम दोन-तीन थेंब पुढे जातेस.

धाकटी : बरं, मान्य. पण थेंब पुढे गेले तर कॉस्टिक जास्त लागेल. जास्त लागलं म्हणजे आकडा जास्त येईल. माझा कमी आलाय.

थोरली : तेच तर मला कळत नाहीये! तुझा जास्त यायला हवा. आज तर तुझा जास्तच यायला हवा होता.

धाकटी : आज तर?

थोरली : नेहमीच, म्हणजे.

धाकटी : नाही. आज तर, म्हणालीस. आज काय आहे?

थोरली : तो नळ टपकतोय बघ. घट्ट कर जरा.

धाकटी : नळ दोन वर्षं टपकतोय. ताई, आज काय आहे?

थोरली : सोमवार आहे.

धाकटी : थांब. थांब हं. माझा आकडा जास्त यायला हवा, असं तुला वाटत होतं. रंगामुळे नाही, रंगाने एवढा फरक पडत नाही. कॉस्टिक जास्त लागायचं म्हणजे माझं कॉस्टिक कमजोर हवं. आपण शुक्रवारी कॉस्टिकच्या दोन्ही बाटल्या ऑक्झॅलिक आम्लावर तपासून एकाच ताकदीच्या करून ठेवल्या. तुझी निळ्या दोऱ्याची, माझी पांढऱ्या दोऱ्याची. शुक्रवारी ठीक होतं. मग शुक्रवार ते सोमवार ते कमजोर कशाने होईल?

थोरली : वर्गात शिकवल्यासारखं बोलू नकोस माझ्याशी.

धाकटी : हवेने. कॉस्टिक म्हणजे आम्लारी, ती उघडी राहिली की हवेतला कार्बन डायऑक्साइड आत ओढून घेते. तोही आम्लाच्याच जातीचा. थोडी थोडी ताकद तिथेच संपते, दिसत काहीच नाही, पाणी होतं तसं स्वच्छ. म्हणून तर आपण रबरी बूच लावतो, बुचाला चुन्याची नळी लावतो. …ताई, माझी बाटली उघडी होती?

थोरली : माझ्याकडे अशी बघू नकोस.

धाकटी : ताई, होती का?

थोरली : बूच काढलं होतं. फक्त बूच. आत काही घातलं नाही, काही ओतलं नाही, देवाशपथ. शुक्रवारी तू गेलीस, मी कोट टांगायला वळले, आणि तुझी बाटली समोर होती. बूच काढून बाजूला ठेवलं. आणि पंखा बंद केला नाही.

धाकटी : पंखा पण!

थोरली : आता सांगायचंच तर सगळं सांगते. शनिवार-रविवार घरी मला घास गेला नाही. तू रविवारी आईला केस धुवायला मदत करत होतीस, हसत होतीस, आणि मी मनात मोजत होते, आता किती हवा गेली असेल. आज सकाळी सात वाजता पहिल्या बसने आले आणि बूच परत लावलं. पंखा बंद केला. कोणाला दिसलं नाही.

धाकटी : का?

थोरली : का म्हणून विचारतेस? सांगितलं ना मघाशी, दुखतं म्हणून! शुक्रवारी साहेब म्हणाले, दोघींची एकदा परीक्षा घेऊ. बावीस वर्षांनी माझी परीक्षा! तुझ्याबरोबर! मला वाटलं, एकदा, फक्त एकदाच तुझा आकडा चुकावा. सगळ्यांसमोर. मग मी म्हणणार होते, असू दे हो, लहान आहे, शिकेल. हे वाक्य मी दोन दिवस पाठ केलं होतं. असू दे हो, लहान आहे.

धाकटी : मी चौतीस वर्षांची आहे.

थोरली : माहीत आहे. हसतेस काय? चिमे, हसतेस कशाला? माझ्यावर ओरड. ती बाटली फेकून मार मला. हसू नकोस.

धाकटी : तू सात वाजता बूच लावलंस. मग टाकीचा नमुना आणायला खाली कधी गेलीस?

थोरली : साडेआठला. तू तेव्हा कोट घालत होतीस.

धाकटी : आणि परत कधी आलीस?

थोरली : पंधरा-वीस मिनिटांनी. त्या फोरमनने गप्पांत अडकवलं. का?

धाकटी : तेवढ्या वेळात मी दोरे बदलले.

थोरली : कुठले दोरे?

धाकटी : बाटल्यांच्या मानेचे. निळा सोडला, पांढरीला बांधला. पांढरा सोडला, निळीला बांधला.

थोरली : …मला नाही कळलं.

धाकटी : बाटल्या दोन्ही सारख्याच, ताई. ओळखायच्या फक्त दोऱ्यावरून. मी सकाळपासून तुझ्या कॉस्टिकने मोजतेय. आणि तू माझ्या. शुक्रवारी तू जी उघडी ठेवून गेलीस ना, तिच्याने.

थोरली : म्हणजे माझं चार पूर्णांक एक…

धाकटी : हो.

थोरली : म्हणूनच जड लागली!

धाकटी : काय?

थोरली : सकाळी निळ्या दोऱ्याची उचलली तर जड लागली. शुक्रवारी माझी अर्धीच उरली होती. म्हटलं, बाटली कशी जड होईल, आपलाच हात आता थकला. नमुन्याची बरणी खालून आणली म्हणून दुखत असेल. सकाळपासून मी स्वतःच्या हाताला नावं ठेवतेय, आणि ती बाटली तुझी! पण तू कशाला बदललेस? तुला तर ठाऊक नव्हतं बुचाचं.

धाकटी : नव्हतं.

थोरली : मग? माझी वाट लावायला?

धाकटी : नाही गं. तुझी वाट लागेल असं मला वाटलंच नाही. माझं कॉस्टिक इतकं वाईट असेल असं कशाला वाटेल मला? मला फक्त तुझं हवं होतं.

थोरली : तुझ्याकडे तुझं होतं की.

धाकटी : माझं कधी तुझ्यासारखं येत नाही! दोन वर्षं बघतेय. शुक्रवारी एका ताकदीला आणतो, पण बुधवारपर्यंत माझं जरासं सरकतं. तुझं हलत नाही. तू पाणी उकळून घेतेस, झाकण ठेवून गार करतेस, तोपर्यंत बाजूला बसून राहतेस. मला पुस्तकातलं कारण तोंडपाठ आहे, उकळल्याने पाण्यातला वायू निघून जातो. तरी मी घाई करते, सरळ डब्यातलं पाणी घेते. मला वाटतं, एवढ्याने काय होतंय. आणि मग तुझा आकडा बघितला की माझा जीव जळतो.

थोरली : तुझा जळतो?

धाकटी : मग काय तुझाच जळतो का? तुला वाटतं एकट्या तुलाच पोट आहे दुखायला? साहेब मला मॅडम म्हणतात आणि दोन मिनिटांनी तुझ्या टेबलाशी येऊन हळूच विचारतात, ताई, हा हिचा आकडा एकदा बघता का? मी ऐकते ते. दर वेळेला ऐकते. माझ्या प्रत्येक चिठ्ठीवर ते तुझा डोळा फिरवून घेतात. पदवी माझी, आणि विश्वास तुझ्यावर.

थोरली : मला कधी सांगितलं नाहीस.

धाकटी : तुला काय सांगू? तू लहानपणी जास्वंदीच्या पाकळ्या पाण्यात चुरून मला जादू दाखवलीस. लिंबू पिळलं की लाल, साबण टाकला की हिरवं. मी त्या दिवशीच ठरवलं होतं की मला हे यायला हवं, आणि तुझ्यापेक्षा चांगलं यायला हवं. तेव्हापासून धावतेय तुझ्यामागे. रंग दिसतो तुला, मला नाही दिसत. तू थांब म्हणतेस तिथे मला पांढरं पाणी दिसतं. म्हणून मी पुढे जाते, गुलाबी चांगलं भडक होईपर्यंत, खात्री पटेपर्यंत. तुझ्यासारखा डोळा असता तर पदवी केलीच नसती मी.

थोरली : पण मग तू चोरी केलीस! माझं कॉस्टिक चोरलंस. चाळीस मिनिटं त्या पाण्याजवळ बसले होते मी!

धाकटी : आणि तू माझं मारलंस. पंखा लावून.

थोरली : मी निदान तुझं वापरलं तरी नाही.

धाकटी : वापरलंस की. सकाळपासून तेच वापरतेयस.

थोरली : …हो. तेही खरंच.

धाकटी : आता काय करायचं?

थोरली : काय करायचं म्हणजे? गप्प बसलो तर कोणाला कळणार आहे? उद्या कागद येईल, त्यावर तीन नऊ असेल. तुझा जुळेल. तू मुख्य होशील. माझ्या कॉस्टिकवर.

धाकटी : हे असं लक्षात राहील तुला. मरेपर्यंत.

थोरली : तुलाही राहील.

फोरमन : ताई, दहा मिनिटं झाली. आता चिठ्ठी द्या नाहीतर मीच एखाद्या बरणीत बसतो. ती काय, कोटाच्या खिशातून डोकावतेय की! सही पण दिसतेय. द्या इकडे.

धाकटी : ताई, ती दिलीस तर टाकी सुटेल.

थोरली : माहीत आहे मला.

फोरमन : सुटू देत की! त्यासाठीच तर असते चिठ्ठी.

थोरली : नाही द्यायची. ही फाडली, बघा. चार नंबर सोडू नका. आतलं आम्ल कमी आहे.

फोरमन : पण तुम्हीच तर चार एक म्हणालात! मॅडम तीन नऊ म्हणत होत्या.

थोरली : मॅडम बरोबर म्हणत होत्या.

फोरमन : आणि तुम्ही चुकलात? ताई, तुम्ही? थट्टा करू नका गरिबाची. मी पैज लावलीय तुमच्यावर.

थोरली : माझ्यावर? तुम्ही?

फोरमन : मग कोणावर लावणार? मघाशी बोललो नाही, मॅडमना वाईट वाटेल म्हणून. भरणीतले निम्मे तुमच्या बाजूने आहेत.

थोरली : …हरलात तुम्ही. ऐका. चहात साखर घालता ना?

फोरमन : तीन चमचे.

थोरली : उद्या साखरच कमी गोड निघाली तर?

फोरमन : चार घालीन.

थोरली : आणि चमचे मोजणारा म्हणेल, बापरे, चहा केवढा कडू होता, चार चमचे लागले. चहा तोच, साखर हलकी. माझं कॉस्टिक हलकं झालं होतं. जास्त लागलं, म्हणून मला वाटलं आम्ल जास्त आहे. कळलं?

फोरमन : साखरेचं कळलं. पण तुमचं हलकं कसं झालं? तुम्ही तर त्या बाटलीला तान्ह्या पोरासारखं जपता.

धाकटी : त्याचं कारण मी सांगते. मी सकाळी…

थोरली : तू गप्प बस. बाटलीचं बूच शुक्रवारपासून आज सकाळपर्यंत उघडं राहिलं होतं. मी उघडं ठेवलं होतं. विसरून नाही, मुद्दाम. बाकीचं साहेबांना सांगेन चार वाजता. तुम्ही जा, पट्टा थांबवा, माणसांना चहा प्यायला सोडा.

फोरमन : मुद्दाम? …बरं. जातो. मला यातलं काही कळलं नाही, आणि कळलं तरी मी ऐकलं नाही, असं धरा.

धाकटी : सगळं का अंगावर घेतलंस? दोरे मी बदलले.

थोरली : ते तू सांग साहेबांना. तुझं मी सांगणार नाही, माझं तू सांगू नकोस. आपापलं आपण सांगायचं.

धाकटी : मग दोघींनाही नाही मिळणार ती खुर्ची.

थोरली : नाही मिळणार. आणि खोटं कशाला बोलू, मला अजूनही ती हवीय. आत्ता, या क्षणालासुद्धा. आणि तुला मिळू नये असंही वाटतंय थोडं.

धाकटी : मलाही. थोडं नाही, बरंच.

थोरली : बाहेरून आणतील मग कोणाला तरी.

धाकटी : तिसरीच कोणीतरी.

थोरली : येईल आणि आल्या आल्या मांडणी बदलेल. आम्लाच्या बाटल्या वर ठेवेल, पडून फुटायला.

धाकटी : पाणी उकळणार नाही. माझ्यासारखीच घाई करेल.

थोरली : तुझ्यासारखी? तुला निदान कारण तरी तोंडपाठ आहे. तिला तेही नसेल. आणि रंग? गुलाबी म्हणून लालभडक करेल.

धाकटी : आणि फोरमन पहिल्या दिवसापासून मॅडम म्हणेल.

थोरली : म्हणू दे तर खरं! जीभ हासडीन त्याची. …हसू नकोस. चल, उठ. साहेबांना आकडा द्यायचाय, तो खरा द्यायचा. किती वाजले?

धाकटी : साडेतीन. ऑक्झॅलिक काढू? आधी तुझ्या कॉस्टिकची ताकद परत बघून घेऊ.

थोरली : काढ. जी खरी निळ्या दोऱ्याची आहे, ती घे. पांढरा दोरा बांधलास ना तिला, ती. ब्युरेट तू भर. तोटी तू धर. मी रंग बघते.

(अर्ध्या तासाचं काम. ऑक्झॅलिक आम्लावर कॉस्टिकची ताकद तपासून झाली आहे. आता ब्युरेटखाली चार नंबरच्या व्हिनेगरचा चंबू, आणि दोघींची डोकी एकमेकींना लागलेली.)

धाकटी : बारा. बारा पाच.

थोरली : आता हळू. थेंब थेंब. चंबू फिरवत राहा, हलवू नकोस, फिरव. हातात फुलपाखरू आल्यासारखा धरतेस तो. घट्ट धर.

धाकटी : बारा नऊ. पडतंय गुलाबी.

थोरली : पडतंय आणि जातंय. ते खोटं. अजून आम्ल आहे. अर्धा थेंब सोड, तोटीच्या टोकाला लटकू दे, आणि काचेला टेकव.

धाकटी : असं?

थोरली : असं. पाण्याने धुऊन आत घे. फिरव. …थांब.

धाकटी : कुठे? पांढरंच आहे.

थोरली : थांब म्हटलं ना. कागद धर मागे. नुसतं पाणी बघू नकोस, कागद आणि पाणी यांच्यातला फरक बघ.

धाकटी : …आहे. ताई, आहे! इतकंसं.

थोरली : अर्धं मिनिट मोज. टिकलं तर खरं.

धाकटी : टिकलं.

थोरली : किती?

धाकटी : तेरा पूर्णांक शून्य. म्हणजे तीन नऊ.

थोरली : मला आधीच माहीत होतं, पण तुझ्या डोळ्यांनी बघितलंस ते बरं झालं. लिही वहीत. खाली लिही, पहिला आकडा चार एक, चुकीचा. खोडू नकोस तो, दिसू दे.

धाकटी : जिन्यावर पावलं वाजतायत. साहेब आले वाटतं.

थोरली : येऊ देत. बूट बाहेर काढायला सांग त्यांना पण.

धाकटी : आणि हे दोरे? तुझा तुला परत बांधू का?

थोरली : तुझ्या बाटलीतलं मेलंय, माझ्यातलं संपलंय. दोन्ही ओतून टाक, धू, आणि तशाच उपड्या ठेव.

धाकटी : मग उद्याचं?

थोरली : साहेब गेले की पाणी ठेवते उकळायला. दोन बाटल्यांचं.